स्मरणार्थ धावून निधी उभा करताना: सातारच्या घाटातली हाफ मॅरेथॉन, पहिल्या फोनपासून शेवटच्या पावतीपर्यंत

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दोन-चार जण तरी माझ्याकडे येतात. घरातलं माणूस गेलेलं असतं, सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणी झालेली असते, टी-शर्टवर फोटो छापून आलेला असतो. ‘यांच्या स्मरणार्थ धावतोय, मदत करा’ असा मेसेज सगळ्या ग्रुपवर गेलेला असतो आणि स्वतःच्या गूगल पेवर दहा-बारा हजार जमलेलेही असतात. मग प्रश्न येतो, ‘ताई, हे पैसे आता कुणाला द्यायचे?’

पहिल्या वर्षी मीही नेमकं हेच केलं होतं. मी पतसंस्थेत काम करते, दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या फाडते, आणि वडिलांच्या नावाने आलेले पैसे मात्र माझ्याच बचत खात्यात घेतले. नंतर ते एका ट्रस्टला एकरकमी दिले. त्यांनी एकच पावती दिली, माझ्या नावाची. पन्नासेक लोकांनी पैसे दिले आणि कागदावर देणगीदार मी एकटी. ज्यांनी करसवलतीसाठी पावती मागितली त्यांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. काही जण मनातून दुखावले, ते अजून आठवतं.

म्हणून खालचा क्रम. धावण्याचा सराव कठीण असतो, पण तो बहुतेकांना जमतो. चुका होतात त्या पैशांच्या वाटेत आणि कामांच्या क्रमात. शर्यत ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास असते असं धरून फेब्रुवारी-मार्चपासून सुरुवात करा. नोंदणी सुरू झाली की जागा लवकर भरतात, त्यामुळे नाव लगेच नोंदवायला हरकत नाही. फक्त जाहीर काही करू नका. जाहीर करणं बऱ्याच नंतर येतं.

टप्पा १: घरात विचारा

गेलेलं माणूस तुमचं असतं तसंच आणखी चौघांचंही असतं. आई, भाऊ, बहीण, वहिनी, ज्यांचं ज्यांचं त्या नावाशी नातं आहे त्यांच्याशी समोरासमोर बसून बोला. तीन गोष्टी विचारा: नाव वापरायचं का, फोटो वापरायचा का, आणि आजाराबद्दल किती सांगायचं.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो छातीवर लावायचं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. आईला दाखवायला गेले तर ती म्हणाली, ‘फोटो नको गं. पावसात भिजून रस्त्यात पडेल, लोक तुडवतील. नाव लिही.’ आम्ही पाठीवर नाव लिहिलं. नंतर कळलं की पाठीवरचं नाव जास्त उपयोगाचं असतं. घाटात मागून येणारा ते वाचतो आणि स्वतःहून विचारतो, ‘कोण होते?’

शेवटच्या दिवसांतले, नळ्या लावलेले फोटो कुणी सुचवले तरी वापरू नका. त्या माणसाने होकार दिलेला नसतो.

तपासा: घरातल्या एकाचाही ठाम नकार असेल तर या वर्षी नावाशिवाय धावा. निधी तसाही उभा राहतो. घरात धुसफूस ठेवून उभा केलेला निधी फार महाग पडतो.

टप्पा २: पैसे नेमके कशासाठी, हे एका वाक्यात लिहा

‘गरजू रुग्णांना मदत’ हे वाक्य चालत नाही. वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही.

अण्णा गेल्यावर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी डायरी सापडली. दोन वर्षं ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला गावाहून साताऱ्याला यायचे. डायरीत तारीखवार नोंदी होत्या: वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप), रिक्षा, चहा-बिस्कीट, सोबत्याचं जेवण. पुन्हा रिक्षा, पुन्हा वडाप. उपचार सरकारी योजनेत होत होते, औषधांचंही बरंचसं भागत होतं. ज्याचा हिशेब त्यांना लिहून ठेवावासा वाटला तो खर्च मात्र कुठल्याच योजनेत नव्हता. डायलिसिस साधारण चार तास चालतं. उठल्यावर माणूस इतका गळून गेलेला असतो की स्टँडवर एसटीची वाट बघत उभं राहणं होत नाही, म्हणून मिळेल त्या वडापने जायचं.

त्या डायरीवरून आमचं वाक्य तयार झालं: ‘डायलिसिसला येणाऱ्या एका रुग्णाचा आणि सोबत्याचा एक महिन्याचा येण्याजाण्याचा खर्च.’ एका महिन्याचा आकडा निघाला की लक्ष्य ठरवणं सोपं जातं. किती रुग्ण, किती महिने, झाला गुणाकार.

तुमचं वाक्य तुमच्या माणसाच्या आयुष्यातूनच शोधा. आजोबा वाचनालयात बसायचे, तर गावच्या वाचनालयाची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. बहीण बाळंतपणात गेली, तर रक्तपेढीचं एखादं नेमकं काम. पहिलं लक्ष्य लहान ठेवा. ओळखीची किती माणसं खरोखर देतील ते मोजा आणि त्यांच्या सरासरी देणगीने गुणा. ग्रुपमध्ये दोनशे जण असतील तर दोनशे धरू नका, तीस-चाळीस धरा.

सावध: ज्यासाठी पैसे गोळा करणार ते सरकारकडून आधीच मिळतं का, हे बघा. एसटीत काही आजारांच्या रुग्णांना सवलत आहे, उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी देणगी जमवली असं नंतर उघड झालं, तर पुढच्या वर्षी कुणी फोन उचलत नाही.

टप्पा ३: संस्था निवडा, आणि आधी तिथे जाऊन या

फोनवर ठरवू नका. प्रत्यक्ष जा, कामाच्या दिवशी जा, आणि तासभर थांबा. तुमच्यासारखं एखादं माणूस रांगेत आहे का, त्याच्याशी कसं बोलतात, हे बघितलं की निम्मी उत्तरं मिळतात. मग कागद मागा:

– धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडचा नोंदणी क्रमांक
– आयकराच्या ८०जी मंजुरीची प्रत, जिच्यामुळे देणगीदाराला करसवलत मिळते. ही मंजुरी कायमची नसते, तिला मुदत असते, म्हणून तारीख बघा.
– पॅन
– मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल

आणि एक प्रश्न तोंडी नाही, पत्राने किंवा ईमेलने विचारा: ‘या नावाने येणारे पैसे ठरलेल्या कामासाठीच वापराल का, आणि सहा महिन्यांनी खर्चाचा तपशील द्याल का?’ उत्तर लेखी घ्या. चांगली संस्था या प्रश्नाने चिडत नाही. उलट तिथल्या हिशेबनिसाला बरं वाटतं. कागद द्यायला टाळाटाळ करणारी संस्था कितीही मोठ्या नावाची असली तरी सोडून द्या.

मुंबईसारख्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये संस्थांच्या वाट्याचे चॅरिटी बिब (बिब म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) असतात. तिथे ठरावीक रकमेचा निधी उभा करायची अट असते आणि संस्थांची यादी आयोजकांकडूनच मिळते. आपल्याकडे धावताना बहुतेकदा शर्यत एकीकडे आणि निधी दुसरीकडे असतो. म्हणून आयोजकांचं नाव किंवा बोधचिन्ह तुमच्या आवाहनात विचारल्याशिवाय टाकू नका. निधी शर्यतीचाच आहे असा लोकांचा समज होतो.

टप्पा ४: पैशांची वाट

या टप्प्यावर घाई करू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

नियम एकच: देणगीदाराच्या खात्यातून पैसे थेट संस्थेच्या खात्यात. मध्ये तुम्ही नाही, तुमचा भाऊ नाही, धावणाऱ्यांचा ग्रुपही नाही.

याला कायद्याचंही कारण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१ क धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्याबद्दल आहे. गणपती मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते, ती याच कलमाखाली. स्वतःच्या खात्यात शंभर लोकांचे पैसे घेतलेत तर आपणही त्याच प्रश्नात अडकतो, शिवाय ते पैसे आपलं उत्पन्न नव्हतं हे समजावत बसावं लागतं. नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात थेट पैसे गेले की हा गुंताच होत नाही.

क्रमाने असं करा.

एक, संस्थेकडून तिच्या खात्याचा क्यूआर कोड आणि बँक तपशील छापील घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला घेऊ नका.

दोन, स्वतः एक रुपया पाठवा. स्क्रीनवर खातेदाराचं जे नाव येतं ते संस्थेच्या नोंदणीपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, ते बघा. विश्वस्ताचं वैयक्तिक नाव दिसलं तर तिथेच थांबा.

तीन, एक खूण ठरवा. पैसे पाठवताना शेऱ्यात एकच शब्द लिहायचा. आमच्याकडे ‘ANNA’ नको म्हणून देवनागरीत ‘अण्णा’ ठरवलं, तर काही अॅपमधून पाठवलेला शेरा संस्थेच्या बँक विवरणात चौकोन-चौकोन होऊन उमटला. शेवटी आकडा ठरवला, अण्णांचं जन्मवर्ष. आकडा कुठेच बिघडत नाही.

चार, पावतीसाठी काय लागेल ते संस्थेला विचारून एका कागदावर लिहा: पूर्ण नाव, पत्ता, पॅन. पॅन तुम्ही गोळा करू नका. देणगीदाराने तो थेट संस्थेला कळवावा. लोकांचे पॅन आपल्या मोबाईलमध्ये साठवून ठेवणं बरं नाही.

करसवलतीबद्दल अर्धवट माहितीवर आश्वासनं दिली जातात, म्हणून नीट सांगते. ८०जीखाली अशा ट्रस्टला दिलेल्या देणगीच्या साधारण ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. ५० टक्के कर परत मिळतो, असा त्याचा अर्थ नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्या देणगीवर ही वजावट मिळत नाही. नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ती मुळातच नाही, आणि आता बरेच पगारदार नवीन प्रणालीत आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. म्हणून आवाहनात कलमं लिहू नका. ‘पावती मिळेल, सवलतीबद्दल आपल्या करसल्लागाराला विचारावे’ एवढंच लिहा.

सावध, परदेशातले नातेवाईक: भाचा अमेरिकेत आहे, त्याला पाठवायचंय. त्याचा पासपोर्ट कुठला, हे आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरीही, ती परदेशी देणगी होते. ती फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. संस्थेकडे ही नोंदणी नसेल तर भाच्याला प्रेमाने नाही म्हणा. ‘माझ्या खात्यात पाठव, मी भरते’ हा मार्ग तर अजिबात नको.

टप्पा ५: डॉक्टर

हा टप्पा लोक गाळतात. ज्यांच्या आठवणीत धावतोय त्यांचा आजार आपल्याही अंगात असू शकतो, हे दुःखात लक्षात येत नाही.

वडील किंवा भाऊ हृदयविकाराने गेला असेल, विशेषतः कमी वयात, तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा. ईसीजी, रक्तदाब, साखर, आणि डॉक्टर म्हणतील तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. मूत्रपिंडाचा आजार घरात असेल तर रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) बघून घ्या. माझा रक्तदाब याच तपासणीत वाढलेला सापडला. ते वर्ष मी धावले नाही, चालले, आणि पुढच्या वर्षी धावले.

तपासा: धावताना छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, वेगाच्या मानाने जास्त धाप, यातलं काहीही झालं तर त्या दिवशी धावणं बंद. ताप येऊन गेल्यावर लगेच लांब धाव नको.

टप्पा ६: वीस आठवड्यांचा सराव

कधीच धावला नसाल तर वीस आठवडे लागतात. आठवड्यातून चार दिवस पुरे: दोन दिवस हलकी धाव, एक दिवस चढ, रविवारी लांब धाव. उरलेले दिवस चालणं, मांड्या-पोटऱ्यांचे व्यायाम, झोप.

पहिले चार आठवडे फक्त सपाटीवर. शाहू स्टेडियम किंवा संगम माहुलीकडचा रस्ता. दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल. बरोबरच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल, एवढाच वेग.

रविवारची लांब धाव अशी वाढवा: ६, ७, ८ किलोमीटर, मग एक आठवडा परत ६. मग ८, ९, १०, आणि परत ८. दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं. असं करत शर्यतीच्या आधी तीन आठवडे १६ ते १८ किलोमीटरपर्यंत पोचायचं. सरावात हाफ मॅरेथॉनचं पूर्ण २१.१ किलोमीटर अंतर धावायची गरज नाही.

पाचव्या आठवड्यापासून चढ. सुरुवात अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने करा, शर्यतीचा यवतेश्वर घाट नंतर. घाटात पहिल्याच दिवशी वरपर्यंत जायचा मोह होतो आणि तिथेच पोटरी धरते. आधी पाव घाट, दोन आठवड्यांनी अर्धा, मग पूर्ण. चढावर पावलं छोटी, मान खाली न घालता नजर दहा-पंधरा फूट पुढे, आणि चालायची लाज नको. ठरवून चाललेलं एक मिनिट पुढच्या किलोमीटरमध्ये भरून निघतं.

उताराचा सराव जवळजवळ कुणी करत नाही, आणि साताऱ्याच्या शर्यतीत नेमका तिथेच माणूस सापडतो. जाताना चढ, कास रस्त्यावरून वळलं की येताना उतार. मांड्यांचे स्नायू उतारावर ताणले जात शरीराला ब्रेक लावत असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पंधरा दिवसांतून एकदा दोन-तीन किलोमीटर उतार धावा. टाच आपटू नका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पावलं झपाझप आणि हलकी. याची सवय एका दिवसात होत नाही, म्हणून किमान चार-पाच वेळा करा.

घाटातल्या सरावाबद्दल काही गोष्टी: जूननंतर धुकं असतं, गडद कपडे घालू नका, पाठीवर चमकणारी पट्टी लावा. शनिवार-रविवारी कासला जाणाऱ्या गाड्या सुरू व्हायच्या आत खाली या. जोराच्या पावसात दरडीच्या कडेने पळू नका. बायकांनी आणि खरं तर सगळ्यांनीच दोघं-तिघं मिळून जा.

बूट शर्यतीच्या किमान सहा आठवडे आधी घ्या आणि पावसात भिजवून धावून बघा. ओल्या मोज्याने फोड कुठे येतो ते सरावातच कळायला हवं. त्या जागेला आणि काखेत, मांड्यांत व्हॅसलीन.

बूट, प्रवेश शुल्क, टी-शर्ट, प्रवास हे सगळं स्वतःच्या खिशातून. देणगीतला एक रुपयाही यात जाता कामा नये, आणि हे आवाहनात लिहा. लोक विचारत नाहीत, पण त्यांच्या मनात असतं.

आणखी एक. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात लांब धाव ठेवू नका. झोप झालेली नसते, जेवणाच्या वेळा चुकलेल्या असतात, घरात पाहुणे असतात. त्या आठवड्यात नुसतं चाला.

टप्पा ७: मागणी

आता जाहीर करायचं. वेळ फार महत्त्वाची. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि शेतकऱ्याकडे पेरणी. गणपतीच्या आधी तीन आठवडे दारात मंडळांची पावतीपुस्तकं. मधली फट म्हणजे जुलैचा पहिला पंधरवडा, पगार झाल्यानंतर. शेतीवर अवलंबून असलेल्या नातेवाइकांकडे ऊसबिल आल्याशिवाय पैसे मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चुलत्यांना मी पैसे मागितले नाहीत. घाटात पाण्याचे पेले घेऊन उभं राहाल का, एवढंच विचारलं. ते आनंदाने आले.

ग्रुपवर मेसेज टाकून बसू नका. एकेकाला फोन करा किंवा नाव घालून मेसेज लिहा. आधी घरचे, मग अण्णांचे मित्र, मग ऑफिस, शेवटी ग्रुप. पहिल्या दहा देणग्या आल्या की मगच ग्रुपवर. रिकाम्या ताटात पहिलं कुणी टाकत नाही.

पहिल्या वर्षीची चूक सुधारल्यावर माझा मेसेज असा होता:

‘काका, नमस्कार. अण्णांना जाऊन आता वर्ष उलटून गेलं. डायलिसिसला येताना त्यांचा सगळ्यात जास्त खर्च वडाप-रिक्षावर व्हायचा, त्यांनी तो डायरीत लिहून ठेवलाय. तसा खर्च करावा लागणाऱ्या रुग्णांसाठी मी निधी उभा करतेय आणि अण्णांच्या आठवणीत यवतेश्वरच्या घाटात २१ किलोमीटर धावणार आहे. पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात जातील, पावती तुमच्या नावाची येईल. धावण्याचा खर्च माझा मी करतेय. मला धावता आलं नाही तरी हे पैसे रुग्णांकडेच जातील. जमेल तेवढं द्या, नाही जमलं तर काही मनात आणू नका. शर्यतीच्या दिवशी समर्थ मंदिरापाशी उभे राहिलात तर मला बळ येईल.’

‘मला धावता आलं नाही तरी’ हे वाक्य गाळू नका. पाय मुरगळतो, ताप येतो, शर्यत पुढे ढकलली जाते. तेव्हा पैशांचं काय, हा प्रश्न आधीच मिटलेला हवा.

‘दर किलोमीटरला इतके’ अशी बोली घेऊ नका. ऐकायला छान वाटतं, पण नंतर वसुली करत फिरावं लागतं, आणि स्मरणार्थ निधीत वसुली फार वाईट दिसते. एकरकमी, शर्यतीआधी.

एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नाही. कुणी किती दिले याची यादी जाहीर करू नका. आपल्याकडे शंभर रुपये देणारा पाच हजारवाल्याखाली आपलं नाव बघून संकोचतो. रोख कुणी हातात दिलीच, आणि गावाकडे देतातच, तर त्याच दिवशी नाव लिहून दुसऱ्या दिवशी संस्थेत त्याच्या नावाने भरा, पावती त्याला पोचवा.

तपासा: दर शनिवारी संस्थेकडून खुणेच्या आकड्याची जमा यादी मागवा आणि तुमच्या वहीशी ताळा करा. ‘पाठवले’ म्हणणारे आणि प्रत्यक्ष आलेले यांत दोन-तीनचा तरी फरक निघतो. तो त्या आठवड्यातच मिटवा.

टप्पा ८: शर्यतीचा आठवडा आणि दिवस

शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करा. या काळात जास्त धावून काही मिळत नाही, फक्त दुखापत मिळते.

आदल्या रात्री रोजचंच जेवण, तिखट-तेल कमी. भाताची सवय असेल तर वरण-भात, भाकरीची असेल तर भाकरी. नवीन काही नको, मिसळ तर नकोच. सकाळी निघायच्या दीड-दोन तास आधी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू, जे सरावात पचलंय तेच. ओआरएसचं पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा, आणि एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला. नुसतं पाणी ढसाढसा पिणंही धोक्याचं असतं, रक्तातलं सोडियम उतरतं. तहान लागेल तसं घोट-घोट प्या.

सावध: वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. अण्णांची दोन वर्षं बघितल्यामुळे हे मी प्रत्येकाला हात धरून सांगते.

पाठीवरचं नाव कापडावर पक्क्या रंगाने लिहा आणि चारही कोपऱ्यांना टाचण्या लावा. बिब पुढे, तो झाकू नका. कोरडे मोजे आणि टॉवेल पिशवीत घालून घरच्यांकडे द्या.

आता मनाचं. पहिल्या वर्षी समर्थ मंदिरापाशी अण्णांचे मित्र उभे होते. त्यांनी अण्णांचं नाव घेऊन हाक मारली आणि मला हुंदका आला. रडताना श्वास तुटतो. चढ तिथूनच पुढे सुरू होणार होता. मी त्या भरात वेग वाढवला आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर कठड्याला धरून उभी राहिले, पोटात कळ, हातपाय गार. त्यानंतर मी एक ठरवून टाकलं: अण्णांना आठवायचं ते वरच्या वळणावर. तोवर फक्त पावलं आणि श्वास. वळणावर पोचले की अर्धा मिनिट थांबायचं, कडेला होऊन नमस्कार करायचा, रडू आलं तर रडायचं, पाणी प्यायचं आणि उतार धरायचा. तुम्हीही तुमची एक जागा ठरवा, चढ संपल्यावरची.

पहिले तीन किलोमीटर इतके हळू की लोक पुढे जाताना बघून वाईट वाटावं. घाटात ठरलेलं चाल-धाव. उतारावर ओल्या रस्त्यात पांढऱ्या पट्ट्यांवरून पाय देऊ नका, घसरतात. मोबाईल काढून लाईव्ह जाऊ नका. संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, कपडे बदला, काहीतरी खा. संस्थेचा हिशेब, फोटो, आभार, सगळं संध्याकाळी.

टप्पा ९: हिशेब

दुसऱ्याच दिवशी प्रत्येकाला नाव घालून आभार. वेळ किती लागला ते एका ओळीत, जमलेली एकूण रक्कम दुसऱ्या ओळीत.

शर्यतीच्या आसपास पितृपक्ष येतो. ‘माझ्या वडिलांच्या नावानेही थोडे देते’ असं म्हणणारं कुणीतरी हमखास निघतं. म्हणून निधी शर्यतीच्या दिवशी बंद करू नका, सर्वपित्री अमावस्येपर्यंत चालू ठेवा आणि त्यानंतर ‘निधी बंद झाला’ असं स्पष्ट कळवा. क्यूआर असलेल्या जुन्या पोस्ट काढून टाका.

पंधरा दिवसांत संस्थेकडून एकूण जमेचं पत्र घ्या. त्याची प्रत सगळ्यांना पाठवा, नावांच्या यादीशिवाय. आईला छापील प्रत द्या. आमच्याकडे ती अण्णांच्या डायरीतच ठेवली आहे.

सहा महिन्यांनी खर्चाचा तपशील मागा: किती रुग्ण, किती महिने. रुग्णांची नावं-फोटो मागू नका, संस्थेने पाठवले तरी पुढे पाठवू नका. पैसे शिल्लक असतील तर कधी खर्च होणार ते विचारा आणि देणगीदारांना कळवा. शिल्लक आहे हे सांगण्यात कमीपणा नाही.

करसवलतीसाठी पावतीवर भागत नाही. ट्रस्टला वर्षभराच्या देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं. जुन्या कायद्याखाली हा फॉर्म १०बीडी, मुदत पुढच्या ३१ मेपर्यंत, आणि त्यावरून देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळतं. लहान संस्थांकडून हे राहून जातं. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संस्थेला फोन करा आणि ज्यांनी पॅन कळवला होता त्या प्रत्येकाचं नाव विवरणात आहे ना, ते विचारा. जूनमध्ये त्या लोकांना एक मेसेज: ‘प्रमाणपत्र मिळालं का?’ ज्याला मिळालं नसेल त्याचं नाव, रक्कम आणि तारीख वहीतून काढून त्याच दिवशी संस्थेला पाठवा.